जुन्या मिनीबसची कॅम्पर : बेल्ट किंचाळतो, डायनामो रिपेअर केला तरी चार्जिंगचा दिवा मंद पेटतोच

सातपुडा_भटकंती (जळगाव)

राम राम मंडळी. गाडी २००७ ची डिझेल मिनीबस आहे, १२ व्होल्टची, आधी शाळेला चालायची. मागच्या सीटा काढून तिची कॅम्पर बनवेल आहे, आरटीओकडून आरसीवर बदल पण चढवेल आहे त्यामुळे तो विषय नको, प्रश्न वेगळा आहे. आत दोन बंक, शेगडी, छोटं सिंक, १२ व्होल्टवरचा फ्रिज, दोन पंखे आणि या सगळ्यासाठी घरच्या इन्व्हर्टरला असते तसली १५० एएचची ट्युब्युलर बॅटरी. ती पुढच्या इंजिनच्या बॅटरीला रिलेने जोडेल आहे, चावी दिली की रिले लागतो आणि दोन्ही बॅटऱ्या एकत्र चार्ज होतात, म्हणजे व्हायला पाहिजेत.

तक्रार अशी की सकाळी गाडी सुरू केली की बेल्ट जोरात किंचाळतो, थोड्या वेळाने आवाज कमी होतो, मग हेडलाइट लावले किंवा फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की परत. मागे पाटणादेवीला मुक्काम केला, रात्रभर फ्रिज आणि पंखे चालले, सकाळी स्टार्ट मारल्यावर असा आवाज की सगळा पार्किंग वळून बघतोय. त्याच्या आधी एकदा रात्री कन्नड घाटात ट्रकांच्या मागे अडकलो होतो तेव्हा हेडलाइट पिवळे पडले आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा मंद मंद पेटायला लागला. पूर्ण नाही, अंधारात हात आडवा धरला तरच दिसेल इतका. सॉकेटमध्ये लावायचं छोटं व्होल्टमीटर आहे त्यावर १२.६-१२.७ दिसत होतं.

बेल्ट नवीन टाकेल आहे. डायनामो, म्हणजे बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर, एका वायरमनकडून खोलून घेतला, कार्बन, बेअरिंग, रेग्युलेटर सगळं नवं, त्याने टेस्ट बेंचवर चालवून दाखवला, तिथे एकदम ठणठणीत. गाडीत बसवला की तेच रडगाणं. आता तो म्हणतो ५५ अँपिअरचा काढून ९० चा टाका. टाकू का? पुढच्या महिन्यात आई-वडिलांना आणि पोरांना घेऊन तोरणमाळला जायचंय, शहाद्याच्या पुढे घाटात म्हातारी माणसं घेऊन उभं राहायची अजिबात इच्छा नाही. बेल्टच्या आजूबाजूला काळी पावडर पण साचते, ती नॉर्मल आहे का तेही सांगा.

डायनामो_काका (भुसावळ)

भाऊ, गाड्यांच्या वायरिंगचंच काम करतो म्हणून लिहितो. डायनामो परत उतरवू नको आणि ९० चा तर आत्ता बिलकुल घेऊ नको. बेंचवर जो नीट चालतो तो गाडीत बसला की बिघडत नाही, मग बिघाड त्याच्या आजूबाजूला शोधायचा.

दिवा पूर्ण पेटणं आणि मंद पेटणं या दोन वेगवेगळ्या तक्रारी आहेत, हे बरेच जण लक्षात घेत नाहीत. त्या दिव्याचं एक टोक चावीतून बॅटरीला आणि दुसरं टोक डायनामोच्या डी प्लसला, म्हणजे दिव्याच्या वायरीच्या छोट्या टर्मिनलला असतं. इंजिन बंद, चावी चालू, तेव्हा एका बाजूला १२ व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ काहीच नाही म्हणून दिवा लख्ख पेटतो, आणि त्याच दिव्यातून जो थोडा करंट जातो तो डायनामोच्या फिल्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीला, जागं करतो. म्हणून तर तो बल्ब उडाला की जुन्या गाड्या रेस केल्याशिवाय चार्जिंगच घेत नाहीत आणि लोक उगाच डायनामो खोलतात. इंजिन फिरलं, डायनामो तयार झाला की दोन्ही टोकं सारखी होतात, दिवा विझतो. तुझा मंद पेटतोय म्हणजे दोन टोकांत साधारण एखादा व्होल्ट फरक राहतोय. तो फरक आतला डायोड (एसीचा डीसी करणारा) गेला तरी पडतो आणि बाहेर प्लसच्या केबलमध्ये व्होल्ट हरवत असतील तरी पडतो. डायनामो ताजा खोलेल आहे, त्यामुळे माझा संशय बाहेरच्यावर आहे पण अंदाजाने सामान बदलायचं नसतं, मोजायचं.

साधा डिजिटल मीटर घे, सॉकेटमधलं खेळणं यासाठी चालत नाही, ते सॉकेटपर्यंतच्या वायरीचे व्होल्ट दाखवतं, बॅटरीचे नाही. रात्रभर गाडी उभी असेल तेव्हा सकाळी स्टार्ट मारायच्या आधी दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोज. १२.६ च्या वर असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली गेली असेल तर तिला रोज असं उतरवून तू मारतोयस. मग इंजिन चालू करून रेस थोडी वर ठेव, सगळा लोड बंद, आणि मीटरची लाल पिन डायनामोच्या मागच्या बी प्लसच्या जाड बोल्टवर (जिथून करंट बाहेर येतो), काळी पिन डायनामोच्याच बॉडीवर. लिहून घे. मग बॅटरीच्या दोन टर्मिनलवर मोज, ते पण लिही. आता हेडलाइट, पंखे, फ्रिज सगळं लावून हीच दोन मापं परत घे. शेवटी लाल पिन डायनामोच्या बी प्लसवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर, आणि मग एक पिन डायनामोच्या बॉडीवर आणि दुसरी बॅटरीच्या मायनसवर. हे दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे, प्रत्येकी ०.२ च्या आसपास किंवा कमी पाहिजेत. बॅटरीवर एकदा मीटर एसीवर करून पण बघ, अर्धा व्होल्टच्या वर एसी दिसला तर डायोड प्लेट संशयित.

पिना लावताना फॅनपासून हात लांब, गळ्यात गमछा, पोरीबाळी असतील तर ओढणी, काही लोंबतं नको. बी प्लसच्या बोल्टला पाना लावायचा असेल तर आधी बॅटरीचा मायनस काढायचा, तो बोल्ट इंजिन बंद असताना पण गरम म्हणजे करंटवालाच असतो.

केळीपट्टा_चोपडा

एवढं मोजमाप कशाला भो. गाडी चालू ठेवा, बॅटरीचा मायनस काढा, गाडी बंद पडली तर डायनामो बेकार, चालू राहिली तर चांगला. आमच्या इकडे सगळे असंच बघतात.

डायनामो_काका (भुसावळ)

नाही, हे करू नका, कळकळीने सांगतो. डायनामो करंट ओतत असताना एकदम बॅटरी तोडली की तो करंट जायला जागा नसते आणि क्षणभर व्होल्टेज कितीतरी वर उडी मारतं. त्या झटक्यात रेग्युलेटर, डायोड, टेप, फ्रिजचं कंट्रोल कार्ड, काहीही जाऊ शकतं. फार जुन्या गाड्यांत खरा डीसी डायनामो आणि कटआउट होता, त्या काळातली ही पद्धत आहे, अल्टरनेटरला लागू नाही. आणि तसंही तुमचं डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंपाचं, ते एकदा सुरू झालं की बॅटरी नसली तरी बहुतेक वेळा चालत राहतं, मग या टेस्टमधून कळणार काय.

खराद_आणि_पुली (धुळे)

काकांनी करंटचं सांगितलं, मी लोखंडाचं सांगतो कारण आवाज लोखंडातून येतोय.

नवा बेल्ट टाकून पण किंचाळत असेल तर माझं पहिलं बोट पुलीवर. व्ही बेल्ट हा पुलीच्या तळावर कधीच बसत नाही, तो दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये अडकून ओढतो, पाचरीसारखा. वर्षानुवर्षं धूळ, काळ्या मातीची बारीक पावडर, सैल बेल्ट, यांनी त्या भिंती खाल्ल्या जातात, खाच रुंद होते आणि बेल्ट खाली सरकत सरकत तळाला टेकतो. एकदा तळाला टेकला की कितीही ताणा, भिंतीवर दाब येतच नाही, तो घसरणारच. बघायची पद्धत सोपी, इंजिन बंद, चावी खिशात, बेल्ट काढा आणि डायनामोच्या पुलीच्या खाचेत टॉर्च मारा. तळ मळकट, रंग किंवा गंज शाबूत असेल तर चांगलं. तळ आरशासारखा चकचकीत असेल तर पुली संपली. बेल्ट बसवलेला असताना पण कळतं, बेल्टची पाठ पुलीच्या काठाच्या बरोबरीला किंवा किंचित वर पाहिजे, आत बुडालेली दिसली की समजून जा. बहुतेक वेळा डायनामो नवा होतो आणि जुनी पुली तशीच परत चढते, कारण पुलीकडे कोणी बघत नाही.

दुसरं, बेल्टचं माप. दुकानदार लांबी मोजून देतो, रुंदी बघत नाही. ए सेक्शन वरून १३ मिमी, बी सेक्शन १७ मिमी, आणि ए ४० लिहिलं असेल तर ए सेक्शन, ४० इंची. पुली १३ ची आणि त्यात त्याहून बारीक बेल्ट बसवला तरी तो तळालाच जातो. आतून खाचा असलेला दातेरी बेल्ट मिळाला तर तोच घ्या, छोट्या पुलीवर तो चांगला वाकतो आणि कमी तापतो. आणि गाडीला दोन बेल्ट जोडीने असतील तर दोन्ही एकदम, एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, नाहीतर नवा एकटा सगळं ओझं ओढतो आणि जुना नुसता फिरतो.

काळी पावडर थोडीशी नव्या बेल्टची पहिल्या दिवसांत येते, सतत साचत असेल तर बेल्ट झिजतोय, म्हणजे घसरतोय किंवा पुल्या एका रेषेत नाहीत. रेष बघायला सरळ पट्टी क्रँकच्या पुलीच्या तोंडावर टेकवा आणि डायनामोच्या पुलीपर्यंत नेऊन बघा, किंवा दोरी ताणून बघा. इथे एक गोष्ट जी मी परत परत बघतो. डायनामो ज्या लांब बोल्टवर लटकतो त्याचं भोक अंडाकृती होऊन जातं, बुश (भोकातली नळीसारखी रिंग) खाल्लेला असतो. सैल असताना पट्टी लावली तर सगळं सरळ दिसतं, पण बेल्ट ताणला की डायनामो तिरका होतो. म्हणून ताण देऊन मग पट्टी लावायची. डायनामोला हाताने पुढेमागे हलवा, कटकट वाजला तर बुश. लेथवर पितळी किंवा लोखंडी बुश करून मिळतो, फार काही काम नाही, धुळ्यात, जळगावात एमआयडीसीत कोणीही करून देईल.

आणि पाण्याची परीक्षा करा. इंजिन आयडलवर, आवाज चालू असताना बाटलीच्या झाकणाला भोक पाडून बेल्टच्या आतल्या बाजूवर लांबून थोडं पाणी उडवा. आवाज क्षणभर गेला आणि परत आला तर रेष चुकलेली आहे. आवाज वाढला तर ताण कमी पडतोय, बेल्ट घसरतोय. साबण, राळ, मेण, बेल्ट ड्रेसिंगचे स्प्रे, यातलं काहीही लावू नका. दोन दिवस आवाज दबतो, त्यावर आपल्याकडची धूळ बसते आणि पुली आणखी लवकर जाते.

ताण किती? सगळ्यात लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने चांगलं दाबलं तर १० ते १२ मिमी खाली गेला पाहिजे. अजून एक, इंजिन बंद असताना डायनामोचा पंखा बोटाने फिरवून बघा, बेल्टवर घसरून फिरला तर सैल आहे. पण आवाज जावा म्हणून टामी लावून तारेसारखा टाइट करणारे पण खूप आहेत, त्याने डायनामोचं पुढचं बेअरिंग आणि वॉटर पंपाचं बेअरिंग दोन्ही जातात. आवाज जातो आणि पंपातून पाणी टिपकायला लागतं.

सातपुडा_भटकंती (जळगाव)

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार. रविवारी मेहुण्याला सोबत घेऊन सगळं मोजलं. हे घ्या आकडे.

सकाळी पुढची बॅटरी १२.३, मागची ट्युब्युलर ११.९. इंजिन चालू, लोड बंद आणि रिलेची वायर काढेल असताना डायनामोवर १४.२, बॅटरीवर १४.०. रिले लावला आणि हेडलाइट, पंखे, फ्रिज सगळं चालू केलं तर डायनामोवर १३.६ आणि बॅटरीवर १२.७. बी प्लसपासून बॅटरी प्लसपर्यंत ०.४, डायनामोच्या बॉडीपासून बॅटरी मायनसपर्यंत ०.५. एसी अगदी नगण्य, ०.१ च्या आत.

आणि महत्त्वाचं, रिले काढला की किंचाळणं जवळजवळ बंदच होतं. रिले लावल्यावर लगेच सुरू. पाणी उडवलं तर आवाज वाढला. बेल्ट काढून टॉर्च मारला, पुलीचा तळ चकाचक, जसं दादांनी लिहिलं तसंच. डायनामो हलवून बघितला तर थोडी कटकट आहे.

आता हे सगळं एकत्र कसं वाचायचं ते सांगा. मागच्या बॅटरीमुळे होतंय का पुलीमुळे?

डायनामो_काका (भुसावळ)

वा, असं मोजून सांगणारा गिऱ्हाईक मिळाला की काम करायला मजा येते. दोन्हीमुळे होतंय, आणि तिसरं अर्थिंग.

बघ, डायोड ठीक आहेत, एसी दिसत नाही. डायनामो १४.२ देतोय म्हणजे रेग्युलेटर पण ठीक. लोड आल्यावर डायनामोपाशी १३.६ आणि बॅटरीपाशी १२.७, म्हणजे ०.९ व्होल्ट वाटेतच गेले, ०.४ प्लसच्या वायरीत आणि ०.५ अर्थिंगमध्ये. बेरीज बरोबर जुळते बघ. चावीला करंट बॅटरीकडून येतो आणि डी प्लस डायनामोच्या बाजूने असतो, म्हणून प्लसच्या वायरीत जे व्होल्ट जातात त्यामुळे दिव्याच्या दोन टोकांत फरक पडतो आणि तो मंद पेटतो. डायनामोत काही बिघाड नाही. आणि १२.७ वर लेड ॲसिड बॅटरी भरत नाही रे, १३.८ ते १४.४ पाहिजेत. त्यामुळे मागची कायम अर्धपोटी राहते, सकाळी ११.९ वर असते, आणि इंजिन चालू झालं की भुकेली असल्यामुळे एकदम खूप करंट ओढते. पाटणादेवीच्या मुक्कामानंतर सगळ्यात जास्त आवाज का आला, याचं उत्तर हेच.

आता तो करंट बेल्टवर किती पडतो ते बघ. ५५ अँपिअर गुणिले १४ व्होल्ट, ७७० वॅट. असे डायनामो निम्म्याच्या आसपासच कार्यक्षम असतात, म्हणजे बेल्टने साधारण दीड किलोवॅट, म्हणजे दोन एचपी ओढायची. शेतातली दोन एचपीची मोटर एका १३ मिमीच्या बेल्टवर, तेही खाल्लेल्या पुलीवर. घसरणारच. ९० चा टाकला असता तर अजून जास्त घसरला असता, म्हणून नको म्हटलं. आणि हे पण लक्षात ठेव की डायनामोवर लिहिलेले अँपिअर हे डायनामो ६००० आरपीएमला फिरत असताना मोजलेले असतात. घाटात ट्रकच्या मागे इंजिन आयडलवर असतं तेव्हा डायनामो फार तर दीड-दोन हजारांवर, तिथे पूर्ण करंट मिळतच नाही, आणि नेमके तेव्हाच हेडलाइट, पंखे, फ्रिज, सगळं चालू.

काम असं कर. आधी अर्थिंग, कारण ते फुकटात होतं. इंजिनपासून चेसिसपर्यंत एक वेणीसारखी चपटी पट्टी किंवा जाड वायर असते, ती काढ, दोन्ही टोकं आणि जिथे बसते ती जागा सँडपेपरने चकचकीत कर. तुझी गाडी कॅम्पर करताना रंगवली असणार, रंगावर लग (वायरीच्या टोकाची कडी) बसवला असेल तर तिथेच अर्धा व्होल्ट गेला. पट्टीचे तंतू तुटले असतील तर नवी घाल. बसवल्यावर वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली, आत नाही, वरून. बॅटरीच्या मायनसपासून चेसिसपर्यंत पण हेच.

मग प्लस. कंपनीची वायर काढायची गरज नाही, तिच्या जोडीला बी प्लसपासून पुढच्या बॅटरीच्या प्लसपर्यंत २५ स्क्वेअर मिमीची चांगली तांब्याची केबल टाक, लग दाबून, डाग देऊन नाही, आणि बॅटरीच्या टोकाला फ्यूज लाव. फ्यूजशिवाय एक फूटही जाड केबल गाडीत टाकू नको, चेसिसला घासली तर थेट आग. मागच्या बॅटरीच्या केबलला तर दोन्ही टोकांना फ्यूज पाहिजे, कारण दोन्हीकडे बॅटरी आहे.

आणि तिसरं, रिले काढून त्या जागी डीसी टू डीसी चार्जर लाव, २० अँपिअरचा. तो मागच्या बॅटरीला ठरलेल्या करंटच्या वर ओढूच देत नाही आणि पुढे १३ व्होल्ट असले तरी मागे १४.४ करून देतो. १५० च्या ट्युब्युलरला तसंही दहा टक्के म्हणजे १५ अँपिअरच्या आसपासचं चार्जिंग मानवतं. पुढे कधी लिथियम लावायचा विचार असेल तर हा चार्जर लागतोच, लिथियम बॅटरी रिलेवर लावली तर ती डायनामोला सतत फुल्ल ओढायला लावते आणि तो तापून जळतो.

एक गोष्ट तू विचारली नाहीस पण मला झोप येणार नाही न सांगता. ट्युब्युलर बॅटरी पाण्याची असते, चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तुझे आई-वडील, पोरं त्याच केबिनमध्ये झोपणार आणि शेजारी शेगडी. बॅटरी बंद पेटीत ठेव आणि पेटीच्या वरच्या बाजूने एक नळी गाडीच्या बाहेर काढ. हे तोरणमाळच्या आधी झालंच पाहिजे, बेल्टपेक्षा हे महत्त्वाचं.

खराद_आणि_पुली (धुळे)

पुली नवीन घ्या, जुनी खरादायला देऊ नका. खाच खोल करून कोन परत काढता येतो पण पुलीचा व्यास कमी होतो आणि भिंत पातळ पडते. जुन्या बाजारातली घेणार असाल तर टॉर्च घेऊन जा, तळ बघूनच पैसे द्या, आणि शाफ्टचं भोक आणि खाचेची रुंदी दोन्ही कॅलिपरने मोजा. क्रँकची पुली पण बघून घ्या, ती मोठी असल्यामुळे कमी झिजते पण झिजते. बुश करून घ्याच, नवीन पुली तिरक्या डायनामोवर परत तशीच खाल्ली जाईल.

शहादेकर_प्रवासिनी

तोरणमाळचं वाचलं म्हणून लिहिते, आमचं सासर शहाद्याकडचं आहे आणि आम्ही पण जुनी गाडी घेऊन नेहमी फिरतो.

भाऊ, तुमच्या गाडीत डायनामोच्या मागेच ब्रेकचा व्हॅक्यूम पंप जोडेल आहे का ते आधी बघा. बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत असतो, मागून एक जाड रबरी पाइप ब्रेक बूस्टरकडे जातो आणि तेलाचा बारीक पाइप पण असतो. तसं असेल तर बेल्ट तुटणं म्हणजे नुसतं चार्जिंग जाणं नाही, एक-दोनदा ब्रेक दाबल्यावर पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतात पण खूप जोर लागतो. घाट उतरताना हे झालं तर काय होईल ते सांगायला नको. डायनामो खोलला होता म्हणताय तर तो पाइप नीट बसवलाय ना, क्लिप घट्ट आहे ना, तेल गळत नाही ना हे पण बघा. तेल गळून बेल्टवर उडत असेल तर पुली नवी असली तरी घसरेल.

आणि त्याच बेल्टवर वॉटर पंप असेल तर बेल्ट गेल्यावर "पुढच्या गावापर्यंत जाऊ" असं अजिबात करायचं नाही. पाणी फिरणं बंद होतं, हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही. तिथेच बाजूला घ्या. म्हणून स्पेअर बेल्ट गाडीत पाहिजेच, आणि नुसता बेल्ट नाही तर तो बदलायला लागणारे पाने आणि एक टामी. घरी अंगणात एकदा स्वतः बदलून बघा, म्हणजे घाटात हात अडत नाही. काही गाड्यांत रेडिएटरचा फॅन किंवा त्याचं कव्हर काढल्याशिवाय बेल्ट निघतच नाही, हे घरीच कळलेलं बरं.

जळगावहून चोपडा, शिरपूर, शहादा असा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने येत असाल तर शहाद्यापर्यंत सपाट आहे, तिथे व्होल्ट बघत या. शहाद्यात थांबून बोनेट उघडा, बेल्टवर नजर टाका आणि मगच पुढे चढा. वर तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, सातपायरीच्या वळणांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरला गाडी तापते. फ्रिज चढताना बंद ठेवा, आत थंडच राहतं तासभर. दिवसा उजेडी चढा, हेडलाइटचा लोड पण वाचतो आणि यशवंत तलाव पण बघायला मिळतो.

अजून एक सुचवते, टपावर सोलर पॅनल टाका. आपल्या खान्देशात दुसरं काही नसेल पण ऊन आहे. मार्च ते जून ते ऊन नुसतं पत्रा तापवतं. दीडशे-दोनशे वॅटचं पॅनल आणि एमपीपीटी कंट्रोलर (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरीत भरणारा) असला की फ्रिजचा बराचसा खर्च तिथूनच निघतो आणि सकाळी डायनामोवर भुकेली बॅटरी पडत नाही. पॅनल पत्र्याला चिकटवू नका, खाली हवा खेळायला दोन-तीन इंच जागा सोडा, तापलं की पॅनलची वीज कमी होते. आणि उन्हाळ्यात ट्युब्युलरचं पाणी लवकर उडतं, डिस्टिल्ड वॉटरची बाटली सोबत ठेवा, बोअरचं पाणी टाकू नका.

सातपुडा_भटकंती (जळगाव)

ताई, व्हॅक्यूम पंप डायनामोच्या मागेच आहे, बघून आलो. पाइप ठीक आहे पण क्लिप जुनी होती, बदलली.

काम झालं त्याची माहिती देतो, म्हणजे पुढे कोणाला लागली तर. इंजिनची अर्थिंग पट्टी खरंच रंगावर बसवेल होती, आणि वरून निम्मे तंतू तुटेल. नवी घातली, जागा घासून काढली. बी प्लसला २५ ची जोड केबल टाकली फ्यूजसकट. पुली नवीन मिळाली, बुश एमआयडीसीत करून घेतला, पट्टी लावून रेष बघितली. आता सगळा लोड आणि रिले लावून डायनामोवर १३.९ आणि बॅटरीवर १३.७. दिवा पूर्ण विझेल आहे, रात्री अंधारात पण बघितला. बेल्टचा आवाज स्टार्ट मारल्यावर थोडासा येतो, एक-दोन सेकंद, मग शांत. डीसी टू डीसी चार्जर मागवेल आहे, तो आला की रिले काढतो. बॅटरीची पेटी करायला टाकली आहे, नळी खालून बाहेर काढू का वरून?

सोलरचं घरात सगळ्यांना पटलंय, ते तोरणमाळनंतर.

डायनामो_काका (भुसावळ)

१३.९ आणि १३.७, छान. जे एक-दोन सेकंद राहिलं ते चार्जर बसला की जाईल.

नळी पेटीच्या वरच्या कोपऱ्यातून, हायड्रोजन हलका असतो, वर जातो. बाहेरची हवा आत यायला पेटीच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक ठेव, ते पण गाडीच्या बाहेर उघडणारं. नळी वर चढत चढत बाहेर जाऊ दे, मध्ये कुठे वाकवून खाली नेऊ नको, आणि बाहेरच्या तोंडाला जाळी लाव, आपल्याकडे गांधीलमाशी मातीचं घर करून नळी बुजवते. फ्यूज आणि चार्जर त्या पेटीत ठेवू नको, ठिणगी पडते, बाहेर लाव.

खराद_आणि_पुली (धुळे)

नवा बेल्ट आणि नवी पुली एकमेकांत बसतात तेव्हा ताण थोडा उतरतो. तीनशे-चारशे किलोमीटर झाले की इंजिन थंड असताना परत अंगठ्याने बघा आणि ताण द्या, म्हणजे तोरणमाळच्या आधी जळगाव-धुळे दोन चकरा मारून घ्या. आणि आधीचा नवा बेल्ट जो खराब पुलीवर चालला, त्याच्या बाजू चकचकीत झाल्या असतील तर स्पेअर म्हणून पण ठेवू नका, नवीनच घ्या. स्पेअर बेल्ट गुंडाळी करकचून न करता, कागदात गुंडाळून बंकच्या खाली ठेवा, इंजिनजवळच्या डब्यात नको, तिथल्या उष्णतेने न वापरताच कडक होतो.